गव्हर्नरामागची माणसे : लासलगावाहून पाहताना

लासलगावच्या शिवारात बाजरी चार आणे आली की बारा आणे, हे मुंबईच्या गव्हर्नराला कळायचे कसे? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या प्रश्नाचे उत्तर बरेच लांब होते. सोळा आणे म्हणजे भरपूर पीक, असे धरून गावच्या पिकाचा अंदाज बांधला जाई. गावात पाटील आणि कुळकर्णी, त्यांच्यावर निफाडचा मामलेदार, त्याच्या कचेरीत अव्वल कारकून, वर प्रांतसाहेब, नाशिकला कलेक्टर आणि त्याचा चिटणीस, पुण्याला मध्य विभागाचा कमिशनर, मुंबईला महसूल खात्याचा सेक्रेटरी, मग कौन्सिलचा सभासद आणि सर्वांत शेवटी गव्हर्नर. सारा तहकूब करायचा की घरातली भांडी विकायला लावून वसूल करायचा, हे या साखळीतून वर जाणारा आकडा ठरवीत असे. वाटेत एकाने आकडा फुगवला, दुसऱ्याने साहेबाची मर्जी पाहून लिहिला, तिसऱ्याने कागद महिनाभर दाबून ठेवला, तर गव्हर्नर कितीही सज्जन असला तरी शेतकऱ्याच्या दारात जप्ती येणारच.

वसाहतीच्या गव्हर्नराजवळ कोणकोणती माणसे असावीत, किती असावीत आणि कशी असावीत, हा विषय वरवर दरबारी थाटाचा वाटतो. लाल डगल्यातले एडीसी, अंगरक्षकांचे घोडे, मेजवान्या आणि तोफांची सलामी. या विषयावरचे बरेचसे लेखन तिथेच घुटमळते. पण गव्हर्नर हा दूरच्या देशातून आलेला, पाचेक वर्षांत परत जाणारा, इथली भाषा बहुधा न येणारा माणूस असे. त्याचे डोळे, कान आणि हात म्हणजे त्याची माणसे. म्हणून त्याच्या चाकरवर्गाची पारख एकाच गोष्टीवर व्हायला हवी : वाईट बातमी खालून वर, न विटाळता, किती लवकर पोहोचत होती? मुंबई इलाख्याचा सव्वाशे-दीडशे वर्षांचा इतिहास या कसोटीवर घासून पाहण्यासारखा आहे आणि त्यासाठी मलबार हिलवर उभे राहण्यापेक्षा निफाड तालुक्यातल्या बाजारगावात उभे राहणे अधिक सोयीचे आहे.

कायद्याने केलेली रचना थोडक्यात सांगता येते. १७८४ च्या पिटच्या कायद्याने गव्हर्नराला एकट्याने राज्य करू दिले नाही. त्याच्याबरोबर कौन्सिल बसवले आणि त्यात सेनापतीलाही जागा दिली. हुकूम निघे तो ‘गव्हर्नर इन कौन्सिल’च्या नावाने. कौन्सिलच्या खाली खात्यांचे सेक्रेटरी असत. घरातली फौज वेगळी : प्रायव्हेट सेक्रेटरी, मिलिटरी सेक्रेटरी, एडीसी, डॉक्टर, अंगरक्षक. १९३५ च्या कायद्यातही मुंबईच्या गव्हर्नराचा पगार वर्षाला १,२०,००० रुपये ठेवला होता, भत्ते निराळे. सरकारी पत्रकात ही सारी पदे ओळीने सापडतात. माणसे मात्र त्या पत्रकाबाहेर शोधावी लागतात.

सुरुवात माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनपासून करणे भाग आहे. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, तेव्हा जिंकलेल्या मुलखाचा कमिशनर म्हणून त्याने जी तुकडी उभारली, ती आजही अभ्यासण्यासारखी आहे. खानदेशात जॉन ब्रिग्ज, पुण्यात रॉबर्टसन, धारवाडकडे चॅपलिन, साताऱ्यात जेम्स ग्रँट, म्हणजे पुढे मराठ्यांची बखर लिहिणारा ग्रँट डफ, आणि अहमदनगरला हेन्री पॉटिंजर. चांदवडच्या डोंगररांगेपासून भीमेपर्यंतचा मुलूख पॉटिंजरकडे होता. लासलगावचा टापू त्याच्या उत्तर टोकाला येतो. पॉटिंजर आणि ग्रँट दोघेही १७८९ चे, म्हणजे त्या वर्षी एकोणतिशीचे. बहुतेक लष्करी पेशातले, पण मुलखात वर्षानुवर्षे हिंडलेले.

या तरुणांना एल्फिन्स्टनने काय सांगितले, तर जे चालले आहे ते आधी समजून घ्या. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मामलती मक्त्याने विकल्या जात. जास्त बोली लावणारा महाल घेई आणि लावलेले पैसे रयतेकडून ओरबाडून काढी. एल्फिन्स्टनने मक्ता बंद करून पगारी मामलेदार नेमले, पण पाटील-कुळकर्ण्यांना हात लावला नाही. आपल्या माणसांकडे त्याने प्रश्नावल्या पाठवल्या : गावाचा हिशेब कसा ठेवतात, पंचायत कशी बसते, वतने कोणाची, तंटे कसे मिटतात. आलेल्या उत्तरांतून १८१९ चा त्याचा प्रसिद्ध अहवाल तयार झाला. त्याच वर्षी तो मुंबईचा गव्हर्नर झाला आणि १८२७ पर्यंत त्या पदावर राहिला. जाता जाता त्याच्या सरकारने कायद्यांची संहिता केली, आणि दख्खनच्या जातींचे रिवाज शास्त्री-पंडितांना व जातीच्या मंडळींना विचारून लिहून काढलेले आर्थर स्टीलचे पुस्तकही सरकारी हुकमाने त्याच वर्षी निघाले.

हे सारे रयतेवरच्या प्रेमापोटी झाले असे मानण्याचे कारण नाही. जिंकलेला प्रदेश थोड्या खर्चात आणि बंड न होता ताब्यात ठेवायचा होता. तरीही एक गोष्ट मान्य करावी लागते : आपल्याला काय माहीत नाही याची एल्फिन्स्टनला जाणीव होती, आणि त्याने माणसे त्या हिशेबाने जोडली. पॉटिंजर पुढे हाँगकाँगचा पहिला गव्हर्नर झाला, मग केप कॉलनीचा, मग मद्रासचा. नगर-नाशिकच्या गावांत हिशेबवह्या चाळत शिकलेला माणूस चीनच्या किनाऱ्यावर राज्य चालवायला गेला. साम्राज्याच्या गव्हर्नरांची शाळा कुठे भरत होती, हे यावरून कळते.

त्या शाळेला मराठी मास्तरही होते, आणि त्यातले सगळे अभिमानाने सांगावेत असे नव्हते. बाळाजीपंत नातूंचे नाव पुण्यात आजही कडवटपणे घेतले जाते. पेशव्यांच्या घरच्या बातम्या इंग्रजांना पुरवणारा, एल्फिन्स्टनचा आणि नंतर साताऱ्यात ग्रँटचा उजवा हात. परक्या सत्तेला स्थानिक माणसाशिवाय एक पाऊलही टाकता येत नाही, आणि ते पाऊल टाकायला मदत करणारा घरचा माणूस इतिहासात कुठे उभा राहतो, याचे उत्तर या एका नावात आहे. नातूंच्या घराण्याची गाठ पुढे पुन्हा पडेल.

हुशार योजना खालच्या माणसांच्या हातात कशी मोडते, याचे उदाहरण एल्फिन्स्टनच्या पाठोपाठ लगेच सापडते. प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने जमिनीचे निव्वळ उत्पन्न काढून त्यावर सारा बसवायची पद्धत आखली. कागदावर ती चोख होती. पण मोजणी करणाऱ्यांवर देखरेख नव्हती, आकडे हवे तसे लिहिले गेले, आणि शेते ओस पडू लागली. १८३५ पासून इंदापुरात गोल्डस्मिड आणि मागोमाग विंगेट यांनी कामाची पद्धतच बदलली. साहेबाने स्वतः तंबू ठोकून शेतात राहायचे, कारकुनांचे काम बांधावर जाऊन पडताळायचे, आणि आकारणी तीस वर्षे बदलायची नाही. हीच पद्धत पुढच्या दशकात नाशिककडच्या तालुक्यांत आली. सातबाऱ्यावरचे सर्व्हे नंबर आणि आकार यांचे मूळ त्या मोजणीत आहे.

गोल्डस्मिडच्या हाताखाली इंदापूरच्या त्या तंबूंत बार्टल फ्रिअर नावाचा कोवळा सिव्हिलियन होता. १८४२ मध्ये गव्हर्नर सर जॉर्ज आर्थर मुंबईला आले. त्यांनी त्याआधी टास्मानिया आणि अप्पर कॅनडा इथे कारभार केला होता, पण दख्खनमधले त्यांना काहीच ठाऊक नव्हते. त्यांनी फ्रिअरला प्रायव्हेट सेक्रेटरी केले. गव्हर्नराच्या सगळ्या माणसांत ही जागा सर्वांत नाजूक. कोणती चिठ्ठी टेबलावर ठेवायची आणि कोणती सेक्रेटरीकडे परत पाठवायची, भेटीला आलेल्या सरदाराला आज बोलवायचे की पुढच्या आठवड्यात, हे तोच ठरवी. त्या जागेवर खेड्यात राहिलेला, मराठी बोलणारा माणूस असणे म्हणजे गव्हर्नराच्या खोलीला शेताकडची खिडकी असणे. फ्रिअर पुढे १८६२ ते १८६७ स्वतः गव्हर्नर होता. त्याच्या कारकिर्दीत नव्या कायदेमंडळात जगन्नाथ शंकरशेट सभासद होते.

त्याच फ्रिअरच्या काळात कापसाच्या तेजीने मुंबई वेडी झाली आणि १८६६ मध्ये बँक ऑफ बॉम्बे कोसळली, तेव्हा ही जाणकारी पुरी पडली नाही. रयतेची नाडी ओळखणाऱ्या सल्लागारांना सट्ट्याची नाडी सापडली नव्हती. आणि १८७७ मध्ये फ्रिअर दक्षिण आफ्रिकेला गेला, तेव्हा तिथली भाषा, माणसे, राजकारण यांतले काहीच त्याच्या जवळ नव्हते. दोन वर्षांत झुलू युद्ध पेटले. माणूस तोच, पण आजूबाजूला इंदापूर नव्हते.

गव्हर्नराचे वर्ष तीन ठिकाणी वाटलेले असे : थंडीत मुंबई, उन्हाळ्यात महाबळेश्वर, पावसाळ्यात पुणे. कागद, कारकून, शिपाई, घोडे सगळे बरोबर हलत. पुण्याचे गणेशखिंडीचे राजभवन फ्रिअरच्या काळात सुरू झाले, १८७१ मध्ये पुरे झाले आणि त्याच्या खर्चावर लंडनपर्यंत टीका झाली. आज तिथे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे. त्याच काळात रेल्वे थळ घाट चढून नाशिक, लासलगाव, मनमाडवरून पुढे गेली. लासलगावला स्टेशन झाले आणि मुंबई एका रात्रीवर आली. पण याचा एक परिणाम उलटा झाला. पूर्वी साहेब घोड्यावर येई, गावाबाहेर आमराईत डेरा टाकी आणि चार दिवस माणसे त्याच्यापर्यंत पोहोचत. आता खास गाडी स्टेशनवर थांबे, मानपत्र वाचले जाई, हार घातले जात आणि गाडी निघून जाई. अंतर कमी झाले तशी भेटही आखूड झाली.

आता या इलाख्यातले सर्वांत मोठे लाचलुचपतीचे प्रकरण. १८८८ मध्ये मध्य विभागाचा कमिशनर आर्थर क्रॉफर्ड याच्यावर चौकशी बसली. मध्य विभाग म्हणजे पुणे, सातारा, सोलापूर, नगर, खानदेश आणि नाशिक. निफाड-चांदवडच्या मामलेदारांच्या बढत्या-बदल्या याच कमिशनरच्या हातून जात. क्रॉफर्ड हा मुंबईचा पहिला म्युनिसिपल कमिशनर, क्रॉफर्ड मार्केट ज्याच्या नावाचे तोच. कर्तबगार, उधळ्या आणि कर्जात बुडालेला. त्याचा मध्यस्थ हणमंतराव जहागीरदार मामलेदारांकडून पैसे घेई आणि त्या बदल्यात चांगला तालुका, बढती किंवा नुसती सुरक्षितता मिळे, असा आरोप होता.

गव्हर्नर लॉर्ड रे यांनी हे झाकले नाही. आपल्याच सर्व्हिसमधल्या इतक्या वरच्या गोऱ्या अधिकाऱ्यावर उघड कमिशन नेमणे हे त्या काळी मोठे धाडस होते. साक्ष दिल्याशिवाय काही सिद्ध होणार नव्हते, आणि साक्ष देणारे मामलेदार स्वतःच पैसे दिल्याचे कबूल करणार होते. म्हणून त्यांना अभय देण्यात आले. कमिशनने लाचेचा आरोप सिद्ध धरला नाही, पण हाताखालच्या लोकांकडून कर्जे घेतल्याबद्दल क्रॉफर्डची नोकरी गेली. आणि मग कबुली देणाऱ्या मामलेदारांवरच काहूर उठले. दिलेला शब्द पाळावा म्हणून टिळकांनी पुण्यात सभा घेतली आणि विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत खटपट केली. तरी त्यांतल्या अनेकांना कामावरून जावे लागले.

या प्रकरणातला खरा प्रश्न असा की हे इतकी वर्षे चालू असताना गव्हर्नराला कळले का नाही? मामलेदाराची तक्रार जायची वाट कमिशनरच्याच टेबलावरून होती. ज्याच्याविरुद्ध गाऱ्हाणे, त्याच्याच हातात गाऱ्हाण्याची पिशवी. दुसरी वाट कुणी ठेवलेलीच नव्हती. कोणत्याही गव्हर्नराच्या, किंबहुना कोणत्याही सरकारच्या रचनेत ही जागा पहिल्यांदा तपासावी इतकी ती महत्त्वाची आहे.

दुसरी वाट लोकांनी मात्र स्वतःच बांधली होती. १८७० मध्ये पुण्यात सार्वजनिक सभा निघाली. गणेश वासुदेव जोशी आणि मागोमाग न्या. रानडे यांनी तिच्यामार्फत शेतकऱ्यांच्या स्थितीची पाहणी केली. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात खेड्यापाड्यांतून माहिती गोळा करून ती सरकारकडे पाठवली. हिंदुस्थान सरकारतर्फे दुष्काळ पाहायला आलेल्या सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराची मजुरी उतरवून पौंडभर धान्य आणि वर एक आण्यावर आणली, तेव्हा त्याने माणूस जगत नाही हे सभेने आकड्यांनिशी मांडले. टेंपल १८७७ मध्ये मुंबईचे गव्हर्नर झाले. पगार न घेणारे, गावोगाव हात असलेले, इंग्रजीत टिपण लिहू शकणारे असे माहिती-खाते कुठल्या गव्हर्नराला फुकट मिळाले असेल? सरकारने मात्र तिच्याकडे संशयाने पाहिले. रानड्यांची पुण्याहून नाशिकला आणि मग धुळ्याला बदली झाली ती याच संशयाच्या दिवसांत.

१८९६ च्या दुष्काळात सभेची माणसे फॅमिन कोडात काय सवलती लिहिल्या आहेत हे शेतकऱ्यांना समजावून सांगू लागली. म्हणजे सरकारचाच कायदा सरकारच्या रयतेला. १८९७ मध्ये लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या सरकारने सभेशी पत्रव्यवहार तोडला. गव्हर्नराने आपला एक कान स्वतःच बंद केला, आणि नेमक्या त्याच वर्षी प्लेग पुण्यात होता.

प्लेगच्या बंदोबस्ताला सँडहर्स्टनी साताऱ्याहून वॉल्टर रँडला आणले. घरझडतीला गोरे सोल्जर लावले. देवघरापर्यंत शिरणारे बूट, रस्त्यात उघड्यावर तपासल्या जाणाऱ्या बायका, जाळले जाणारे सामान याबद्दल तक्रारी जात होत्या. त्या करणाऱ्यांत सरदार नातूबंधू होते, बाळाजीपंतांच्याच घराण्यातले. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या राजभवनात राणीच्या राज्यारोहणाचा हीरक महोत्सव आटोपून परतताना रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. पुढच्या महिन्यात नातूबंधूंना चौकशीशिवाय अटकेत टाकले गेले, तेही १८२७ च्या पंचविसाव्या रेग्युलेशनखाली. ज्या घराण्याने एल्फिन्स्टनला बातम्या दिल्या, त्याच घराण्याची तक्रार आता गुन्ह्यासारखी मोजली गेली, आणि वापरला गेला तो एल्फिन्स्टनच्याच संहितेतला कायदा.

नाशिकचे उदाहरण याहून अवघड आहे. कलेक्टर जॅक्सन संस्कृतचा जाणकार, मराठी बोलणारा. एल्फिन्स्टनने निवडला असता असा माणूस. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात, बढतीनिमित्त ठेवलेल्या ‘शारदा’च्या प्रयोगाला आलेला असताना, अनंत कान्हेरेने त्याला गोळ्या घातल्या. बाबाराव सावरकरांचा खटला याच जॅक्सनने उभा केला होता. साहेबाला भाषा आली, त्याने पोथ्या वाचल्या, तरी सत्ता परकीच राहते आणि त्या सत्तेची शिक्षा त्याच्याच हातून येते. चांगली माणसे नेमून हा पेच सुटणारा नव्हता.

मग माणसे इथली नेमायची, हा पुढचा प्रश्न. सत्येंद्रनाथ टागोर १८६३ मध्ये सिव्हिल सर्व्हिसची परीक्षा पास होऊन मुंबई इलाख्यात आले. १८६९ मध्ये श्रीपाद बाबाजी ठाकूर पास झाले. १८९७ मध्ये गोखल्यांनी वेल्बी कमिशनपुढे साक्ष दिली, तेव्हा वरच्या सगळ्या जागा परक्यांच्या हाती ठेवल्याने पैसाही जातो आणि इथल्या माणसाची वाढही खुंटते, असे मांडले. तरी गव्हर्नराच्या कौन्सिलमध्ये पहिला हिंदी सभासद, महादेव भास्कर चौबळ, बसायला विसावे शतक उजाडावे लागले. नाशिक जिल्ह्याने तोवर चाळिशी ओलांडली होती.

पण ‘इथला माणूस’ म्हणजे कोण? जोतीराव फुल्यांनी हा प्रश्न सर्वांत आधी आणि सर्वांत रोखठोक विचारला. गोरा अधिकारी सुखात दंग, आणि खरा कारभार कुळकर्ण्यापासून चिटणिसापर्यंत एकाच जातीच्या हाती, अशी त्यांची तक्रार होती. वर उल्लेखलेली साखळी पुन्हा पाहिली की तक्रारीचे वजन कळते. कुणबी शेतकऱ्याचा आकडा वर जाताना ज्या लेखण्यांतून जात होता, त्यांतली एकही त्याच्या घरातली नव्हती. सार्वजनिक सभेचे मोल मान्य करूनही हे म्हणावे लागते.

साखळीचे सर्वांत खालचे टोक तर पगारपत्रकातही नीट दिसत नाही. साहेबाचा मुक्काम गावाबाहेर पडला की गवत, लाकूड, पाणी आणायचे कोणी? तालुक्याला टपाल आणि सरकारी वसूल पोहोचवायला बरोबर कोणी चालायचे? हे काम वतनदार महारांचे. १८७४ च्या वतन कायद्याने ते बांधून ठेवले. मोबदला म्हणजे थोडी इनाम जमीन आणि गावकऱ्यांकडून मागून घ्यायचे बलुते. १९२८ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या कायदेमंडळात दुरुस्ती विधेयक आणले, तेव्हा हे काम दिवसरात्रीचे आहे, आणि वतनदार हजर नसला तर त्याच्या घरच्या दुसऱ्या माणसाला राबवले जाते, हे सभागृहासमोर ठेवले. लाखाच्या पुढे पगार घेणाऱ्या गव्हर्नराची सारी इमारत ज्या खांद्यांवर उभी होती, त्यांना रोख पगार द्यायला सरकार तयार नव्हते. विधेयक मागे घ्यावे लागले. ही वतने अखेर गेली ती १९५८ च्या कायद्याने, गव्हर्नरांचे राज्य संपून अकरा वर्षे झाल्यावर. गव्हर्नराला किती एडीसी असावेत याची चर्चा करणाऱ्या प्रत्येकाने हे टोक आधी मोजावे, असा या प्रस्तावनेचा आग्रह आहे.

लासलगाव परिसरातल्या वाचकाला या विषयात शिरायचे असेल, तर दोन मजकूर शेजारी ठेवून वाचता येतील आणि दोन्ही १८८३ चे आहेत. एक, कँपबेलच्या देखरेखीखाली सरकारने छापलेले नाशिक जिल्ह्याचे गॅझेटियर. त्यात तालुकेवार जमीन, पिके, सारा, गावे, बाजार सारे आहे, आणि ते याच साखळीतून वर गेलेल्या कागदांवर उभे आहे. दुसरा, त्याच वर्षी फुल्यांनी लिहून पुरा केलेला ‘शेतकऱ्याचा असूड’, जो त्यांच्या हयातीत पूर्ण छापलाही गेला नाही. गॅझेटियरमधला निफाड तालुका वाचून झाला की असूडाचे दुसरे प्रकरण उघडावे. तिथे त्याच कचेऱ्या, तेच कामगार आणि तोच सारा खालच्या बाजूने पाहिलेला आढळेल.